केदानानांचे टायर

केदानानांनी माझ्या दुकानातून चार टायर विकत घेतले, त्या खरेदीला चौदा महिने लागले. यात अतिशयोक्ती नाही. पहिल्यांदा ते आले तेव्हा गणपतीची वर्गणी मागणारी पोरं दुकानात उभी होती आणि टायर घेऊन गेले तेव्हा पुढच्या वर्षीची दिवाळी होऊन गेली होती. मधल्या काळात माझ्या दुकानाचा पत्रा बदलला, माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरून पार पडलं आणि तिला दिवसही गेले. नाना मात्र अजून टायरच्या खाचा मोजत होते.

नाशिकात द्वारकेच्या चौकाजवळ माझं टायरचं दुकान वीसेक वर्षं चाललं. या धंद्यात हौसेनं कोणी येत नाही. जुना टायर फाटला, पोलिसानं अडवलं, नाहीतर घाटात जीव कंठाशी आला, की माणूस येतो आणि चिडूनच येतो. टायर म्हणजे काही दागिना नव्हे, की घातला आणि आरशात बघितला. नव्वदच्या दशकात माझ्याकडे ट्रकवाले यायचे, भाजीपाल्याच्या पिकअपवाले यायचे, द्राक्षबागांचे ट्रॅक्टर यायचे. सगळे घाईत असायचे. हौसेनं आलेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे केदानाना. मला त्यांच्याबद्दल कधीही आदर वाटला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको.

त्यांचं गाव कळवणच्या पुढे. माणूस ठेंगणा, स्वच्छ. नीळ घातलेली टोपी, कडक कॉलरचा शर्ट आणि काखेत प्लास्टिकचं कव्हर घातलेली डायरी. त्यांच्या मालकीची एक पिकअप होती. मीठ, मिरची, तेलाचे डबे, सुकट, प्लास्टिकच्या घागरी असा माल भरून ती गाडी डोंगरातल्या आठवडे बाजारांना जायची. आज कनाशी, उद्या बोरगाव, परवा सुरगाणा. येताना नागली-वरईची पोती आणि त्या पोत्यांवर बसलेली पाड्यांवरची माणसं घेऊन यायची. गाडी चालवायचा नानांचा धाकटा भाऊ सुभाष. उंच, अबोल, खांद्यावर कायम टॉवेल. नानांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचा त्यांनी प्रयत्नही केला नव्हता. त्यांच्या मते चालवणं हे हातापायांचं काम आणि पारखणं हे डोक्याचं, आणि देवानं घरात दोन भाऊ दिले ते याच वाटणीसाठी.

तेव्हा त्या भागातल्या रस्त्याला रस्ता म्हणायचं ते केवळ सवयीनं. थोडं डांबर, मग मुरूम, मग घाट, मग भातखाचरांच्या कडेनं नुसता चिखल. डांबरावर चालणारा रेघांचा टायर चिखलात घसरतो, आणि चिखलातला खोल खाचांचा टायर डांबरावर घरघरतो आणि लवकर झिजतो. दोन्हीकडे चालेल असा टायर लागतो. आता कंपन्या त्याला ऑल टेरेन म्हणतात आणि जाहिरातीत हिरवे डोंगर दाखवतात. आम्ही तेव्हा नुसतं 'सगळीकडचा' म्हणायचो. नानांना चार 'सगळीकडचे' हवे होते, आणि ते त्यांना खरोखरच हवे होते. गरज खोटी नव्हती, म्हणूनच तर राग येतो.

दर पंधरा दिवसांनी नाना यायचे. आल्यावर पाणी प्यायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "शेठ, जिनसेची जात बघावी." हे त्यांचं ब्रीदवाक्य. मग टायर एकेक करून खाली काढायला लावायचे. आगकाडी खाचेत घालून खोली मोजायची, तितकीच मोडायची आणि डायरीत चिकटवायची. अंगठ्याचं नख रबरात रुतवायचं. बोटाच्या पेरांनी टायर वाजवायचा आणि कान लावायचा, कलिंगडाला लावतात तसा. नाक लावून वास घ्यायचा. वासावरून काय कळतं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, तुम्हाला नाही कळणार, तुम्ही विकणारे.

एकदा ते दुधाच्या पावडरचे तीन डबे घेऊन आले. एकात कळवणची काळी माती, दुसऱ्यात घाटातला तांबडा मुरूम, तिसऱ्यात सुरगाण्याकडच्या भातखाचरातली चिकण. माझ्याच माठातलं पाणी घेऊन त्यांनी माझ्याच काउंटरवर चिखल कालवला आणि नव्याकोऱ्या टायरची कड त्यात दाबून, किती माती खाचेत राहते आणि किती गळून पडते, ते नोंदवायला बसले. माझ्याकडे अन्सारभाई म्हणून फिटर होते. मालेगावच्या यंत्रमागावर अर्धं आयुष्य घालवून आवाजाला कंटाळून नाशिकला आलेले. ते टायर लोखंडावर चढवायचं काम सोडून बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "शेठ, ये आदमी टायर ले रहा है या खेती कर रहा है?"

दुकानात येऊन समाधान झालं नाही की नाना चौकात जायचे. थांबलेल्या ट्रकखाली वाकून बघायचे आणि ड्रायव्हरला प्रश्न विचारायचे. किती किलोमीटर झाले, हवा किती ठेवता, कुठल्या बाजूनं झिजला. हातात डायरी बघून ड्रायव्हरना वाटायचं, हा विम्याचा माणूस असणार, आणि ते एका प्रश्नाचंही खरं उत्तर द्यायचे नाहीत. ती सगळी थापेबाजी नाना सुवाच्य अक्षरात लिहून घ्यायचे आणि पुढच्या खेपेला मला वाचून दाखवायचे.

अशा माणसाला आपल्याकडे वेडा म्हणत नाहीत, पारखी म्हणतात. कळवणच्या आसपास त्यांची चांगली ख्याती होती. लोक त्यांना पाण्याची मोटर बघायला न्यायचे, बैल बघायला न्यायचे, मुलगी बघायलाही न्यायचे. सुभाषचं लग्न त्यांनी असंच पारखता पारखता सहा वर्षं लांबवलं होतं. शेवटी नाना परगावी गेलेले असताना आईनं गुपचूप मुलगी पसंत करून टाकली. ती सून गुणी निघाली आणि तिचं श्रेयही नानांनीच घेतलं, कारण तिच्या गावाचं नाव त्यांच्या डायरीत आधीपासून होतं म्हणे.

आता एक गोष्ट मला कबूल करावी लागेल. चौदा महिन्यांनी त्यांनी जो टायर निवडला तो अगदी बरोबर होता. त्या काळात त्या गाडीसाठी, त्या रस्त्यांसाठी याहून चांगला टायर मीही सांगितला नसता. मला बरंही वाटलं. मी अन्सारभाईंना जॅक लावायला सांगितलं, तर नाना मध्ये आले. इथे नको, घरी नेतो, मुहूर्तावर चढवू म्हणाले. चारही टायर पिकअपच्या हौद्यात ताडपत्री अंथरून ठेवले, दोरीनं बांधले, आणि गुळगुळीत झालेल्या जुन्या टायरांवर नवे टायर बसून कळवणला गेले.

पुढच्या पावसाळ्यात सुभाष पंक्चर काढायला आला तेव्हा मी गाडीखाली बघितलं. तेच जुने टायर होते, त्यांवर वरून रबर चढवून आणलेलं. नवे कुठे गेले, असं विचारलं तर तो नुसता हसला. मुहूर्त लागला नाय अजून, एवढंच म्हणाला. घरची गोष्ट बाहेरच्याला सांगणाऱ्यांतला तो नव्हता.

दोन वर्षांनी भाद्रपदात मला सुरगाण्याला जायचं होतं. तिथला एक गॅरेजवाला माझ्याकडून माल घेणार होता. कळवणहून सुभाषच्याच गाडीत बसलो. मागे मिठाची पोती आणि त्यांवर बारा-चौदा माणसं. घाट उतरताना एका जांभळाच्या झाडापाशी सुभाषनं गाडी थांबवली. तो काही बोलला नाही, हॉर्नही वाजवला नाही. मागची सगळी माणसं आपली आपण उतरली. म्हाताऱ्या उतरल्या, पोटुशी उतरली, एक जण बोकडाला कवेत घेऊन उतरला. मी केबिनमध्येच बसून होतो. सुभाष म्हणाला, "शेठ, तुम्ही पण उतरा."

उतरलो. ओल्या मुरमाचा तीव्र उतार आणि खाली मुरडलेलं वळण. सुभाषनं आपल्या बाजूचं दार उघडलं, ते मागे दोरीनं बांधलं आणि एक पाय बाहेर काढून रिकाम्या केबिनमध्ये एकटा बसून गाडी सोडली. गाडीचा मागचा भाग दोनदा दरीकडे सरकला. आम्ही सगळे पायवाटेनं चालत खाली निघालो. माझ्या शेजारी टोपलीत कोंबडी घेतलेली एक बाई चालत होती, जनाबाई. पन्नाशीची असेल, पण माझ्यापेक्षा झपाझप चालत होती. दर बाजाराला असंच उतरता का, असं मी विचारलं. ती म्हणाली, दर बाजाराला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नवं टायर यांच्या घरात बसलेत, आन आमी चालतो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. आकाशात ढग आलेत, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. खाली गाडी उभी होती, सगळे एसटीच्या थांब्यावर चढावं तसे चढून बसले. मी केबिनमध्ये बसलो आणि सुभाषला विचारलं, की अरे, ही काय तऱ्हा?

"मी एकटा असलो तर उडी मारीन, शेठ," तो म्हणाला. "एवढ्यांना कसा उतरवू?" एक वळण काढून मग पुढचं बोलला. "नाना तुमचं ऐकतील. तुम्ही त्या धंद्यातले. त्यांना सांगा. मला भ्याव वाटतं, एखाद्या दिवशी मी थांबायचा विसरलो तर?"

परत येताना मी नानांच्या घरी गेलो. घर बघून पुष्कळ उलगडा झाला. खुर्च्यांवर दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं, आणि त्यावर बसलं की ते कुरकुरायचं. टीव्हीला झालर लावलेलं झाकण होतं. फ्रीज होता, पण त्याचा प्लग काढून ठेवलेला होता आणि आत सातबारे आणि लग्नपत्रिका रचून ठेवल्या होत्या. नाना स्वतः अंगठा तुटलेली चप्पल घालायचे आणि खोक्यातली नवी जोडी कपाटात होती. घरातली कुठलीही वस्तू चांगली होती म्हणजेच ती वापरात नव्हती.

टायर माळ्यावर होते. नानांनी मला शिडीवरून वर नेलं. पत्र्याखाली भट्टीसारखं तापलेलं. चार पाटांवर चार टायर, वर त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्याचं पांघरूण, आणि प्रत्येकावर गेल्या दसऱ्याच्या वाळक्या झेंडूची माळ. पांघरूण काढलं तर टायर चकचकत होते. दर अमावास्येला खोबरेल तेल चोळतो, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, नाना, रबर वापरलं तर जगतं, ठेवलं तर मरतं. उन्हानं मरतं, आणि तेलानं तर सडतं. उद्याच्या उद्या चढवा.

नाना हसले. विकणारा माणूस असंच बोलणार, टायर झिजल्याशिवाय तुमची चूल कशी पेटेल, असं म्हणाले. मग कधी चढवणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, "रस्ता होऊ द्या. मंजूर झालाय. असल्या रस्त्यावर हे टायर घालून त्यांचं वाटोळं करायचं का?"

"अहो, असल्या रस्त्यासाठीच तर घेतले ना?"

त्यांनी माझ्याकडे अशा काही करुणेनं बघितलं, जणू मीच गणितात नापास झालो होतो. "घ्यायचे ते वाईट रस्त्यासाठी, शेठ," ते म्हणाले. "वापरायचे ते चांगल्या रस्त्यावर. म्हणून तर टिकतात."

मग मी घाटातल्या त्या वळणाचं सांगितलं. माणसं उतरून चालतात, सुभाष दार उघडं ठेवून गाडी सोडतो, हे सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी हा माणूस चपापेल. नाना म्हणाले, ते मीच शिकवलंय त्याला, तेवढाच जुन्या टायरांवरचा भार कमी होतो. सुभाष खाली शिडीला हात धरून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि वर बघितलं नाही.

पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून मी नाद सोडला. आणि मग मी काय केलं, तर नाशिकला येऊन या प्रकाराचा किस्सा केला. चांगल्या रस्त्याची वाट बघणारे खराब रस्त्याचे टायर. गिऱ्हाइकांना चहाबरोबर सांगायचो, लोक हसून लोटपोट व्हायचे, आणि शेवटी कोणीतरी म्हणायचं, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मला ते आवडायचं. सुभाष दर बाजाराला त्या वळणावरून एक पाय बाहेर काढून उतरत होता, तेवढा भाग मी किश्शातून गाळायचो, कारण तिथे हसू यायचं नाही.

वर्षं गेली. सुभाषला मुलगी झाली, ती बालवाडीत जायला लागली. आणि खरोखरच तो रस्ता झाला. घाट रुंद केला, वरून काळंभोर डांबर, कडेला पांढरे पट्टे. नाना पेढे घेऊन दुकानात आले, जणू डांबर त्यांनीच ओतलं होतं. मी पेढा हातात धरला आणि म्हटलं, चला नाना, आता चढवा.

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "आता गरजच काय राहिली? एवढा गुळगुळीत रस्ता. यावर साधे टायर पळतील." आणि मग आवाज खाली आणून, मोठं गुपित सांगावं तसं, म्हणाले की ते चार आता सुभाषच्या मुलीच्या लग्नाला काढायचे, वरात त्याच गाडीतून, त्याच टायरांवर. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. अन्सारभाईंनी हातातला पाना खाली ठेवला आणि ते बाहेर जाऊन बिडी ओढत उभे राहिले.

चांगला रस्ता झाला म्हणून जांभळाच्या झाडापाशी आता कोणी उतरत नव्हतं. झाडही रुंदीकरणात गेलं होतं. खराब रस्त्यावर सुभाष गाडी पायाच्या गतीनं सोडायचा, आता डांबरावर ती आपसूक धावत होती. एका आषाढात भर पावसात त्याच उतारावर मागच्या टायरवरचं चढवलेलं रबर सालपटासारखं सुटलं. गाडी स्वतःभोवती फिरली आणि कडेच्या दगडी कठड्यावर आडवी आदळली. कठडा नवा होता म्हणून दरीत गेली नाही. मागे चौदा माणसं होती. कोणाचं डोकं फुटलं, कोणाचे दात गेले. जनाबाईचा खुबा मोडला.

सुभाषनं तिला दुसऱ्या गाडीत घालून आधी कळवणला आणि मग नाशिकला आणलं. आठ दिवस तो दवाखान्यात तिच्या खाटेजवळ जमिनीवर झोपला. मी आणि अन्सारभाई भेटायला गेलो तेव्हा जनाबाई छताकडे बघत पडली होती. डॉक्टर म्हणाले होते, हाड जुळेल, पण डोंगर चढणं विसरा. पाड्यावर राहणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे काय, ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. सुभाष मला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, नानांना निरोप दिलाय. घरातले टायर चढले तर मी गाडीला हात लावीन, नाहीतर नाही.

नानांनी गावात सांगितलं की सुभाषनं गाडी जोरात मारली. टायरचं नाव काढलं नाही. पण बाजार बुडायला लागले आणि गाडी अंगणात उभी राहिली, तेव्हा नाइलाज झाला. एका दुपारी ती पिकअप माझ्या दुकानासमोर उभी राहिली. पुढचा बंपर तारेनं बांधलेला. सुभाषच चालवत घेऊन आला होता, इतकी हळू की मागून येणारे शिव्या देत असतील. शेजारी नाना. हौद्यात गोधड्यांमध्ये गुंडाळलेले ते चार टायर, नऊ वर्षांचे.

गोधडी काढल्यावर अन्सारभाईंनी पहिला टायर उभा केला आणि बाजूला अंगठ्यानं दाबला. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात तशा बारीक भेगा सगळीकडे उघडल्या. नखानं खरवडलं तर रबराचा भुगा हातात आला. खाचा मात्र नव्याच्या नव्या, एका कणानंही न झिजलेल्या. दुसरा तसाच, तिसरा तसाच. चौथा बघायची गरज नव्हती, पण अन्सारभाईंनी तोही बघितला.

हे टायर मेलेत, असं मी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, तेव्हाच तुम्ही मला जुना माल दिला असणार. तेव्हा मात्र माझा तोल गेला. चौदा महिने जो माणूस नाकानं टायर हुंगत होता, त्याला मी जुना माल दिला काय, असं भर दुकानात ओरडलो. आणखीही बरंच बोललो. सहा वर्षांपूर्वी माळ्यावर बोलायला हवं होतं, ते त्या दिवशी बोललो.

सुभाषनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. त्यानं अन्सारभाईंना विचारलं, "चढवले तर चालतील का थोडे दिवस?"

अन्सारभाई खाली बसले होते, त्यांनी मान वर केली. "चढा तो दूँ, भाई," ते म्हणाले. "पर हवा मेरे हाथ से नहीं भरेगी."

सुभाषनं मान हलवली. एवढ्यात नाना उठून आत रॅकपाशी गेले होते. काहीतरी पुटपुटत नवे टायर न्याहाळत होते, एकाच्या कडेवर नख रुतवत होते. सुभाषनं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि काउंटरवर ठेवली.

"नाना," तो म्हणाला, "वर्षानुवर्षं मी दार उघडं ठेवून उतरलो. मला वाटायचं, घरात टायर हायेत, कधीतरी चढतील. तेवढ्या भरवशावर गाडी चालवली मी."

नानांची पाठ त्याच्याकडे होती. "थांब जरा," ते म्हणाले. "आता घाई करू नको. नीट बघू दे."

सुभाष पायऱ्या उतरला, चौकातली वाहनं थांबायची वाट बघत दोन क्षण उभा राहिला आणि पलीकडे गेला. नानांना ते दिसलं नाही. थोड्या वेळानं ते वळले आणि सुभाष कुठे गेला, असं त्यांनी विचारलं. गेला, असं मी सांगितलं. किल्ली दाखवली. त्यांनी किल्लीकडे बघितलं, मग रस्त्याकडे, आणि समोर जो टायर होता त्यावर हात ठेवून म्हणाले, "हे चार चढवा, शेठ. तो येईल एवढ्यात."

तो रेघांचा टायर होता, लांबच्या हायवेचा, त्यांच्या उपयोगाचा नव्हता. त्यांनी तो बघितलाही नव्हता. मी अन्सारभाईंना दुसरा काढायला सांगितला, त्या रस्त्यांना आणि त्या गाडीला शोभेल असा. तासाभरात चारही चढले. नाना समोर उभं राहून बघत होते आणि एकदाही वाकले नाहीत.

खरं सांगायचं तर मला त्यांची कीव आली नाही. जनाबाई डोळ्यांसमोर होती. सुभाष तोवर एसटीत बसून दिंडोरीच्या पुढे गेला असेल. पुढे त्यानं कुठल्याशा नर्सरीत झाडांना पाणी घालायची नोकरी धरली आणि त्या गाडीला पुन्हा हात लावला नाही, हे मला नंतर कळलं. नानांना ते त्या दुपारीच कळायला हवं होतं.

काम झाल्यावर मी किल्ली त्यांच्या हातात दिली. ते गेले आणि गाडीत जाऊन बसले, डाव्या बाजूला, आणि किल्ली मांडीवर ठेवली. गाडी रस्त्यात अर्धी पुढे आलेली होती. चार वाजले, साडेचार वाजले, चौकात गर्दी वाढली. मागे मालानं भरलेला टेम्पो येऊन अडकला आणि हॉर्न वाजवायला लागला, मग त्याच्यामागे रिक्षा, मग एक बस. कोणीतरी खिडकीतून ओरडत होतं, गाडी काढा म्हणून. नाना समोरच्या काचेतून चौकाच्या पलीकडे बघत होते. मग त्यांनी डावा हात खिडकीबाहेर काढला आणि मागे वळून न बघता, दोन बोटं वर करून, सगळ्यांना सांगितलं की थांबा, ड्रायव्हर येतोय.